एका घासाला एक शिवी

पोर्वेनीरला वारा असा, की झाडं
जन्मतःच एका बाजूला झुकून उगवतात.
म्हणून यास्नाने मोडीतल्या खिडक्या जोडून
परसात काचेची खोली बांधली
आणि आत हिरवं काय काय लावलं.
मी तिकडे कधी ढुंकून पाहिलं नाही.
एक्केचाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या मी.
हिरवं कोण खातं, मला ठाऊक होतं.

सकाळी मेंढीचं, दुपारी मेंढीचं,
रात्री उरलेलं मेंढीचं, पावाशी.
मग एका मंगळवारी दवाखान्यातली पोरगी
कागदावरचे आकडे पाहत म्हणाली,
"आर्तेमियो, तुमच्या रक्तावर साय धरलीय."
मी म्हटलं, चांगल्या दुधावर धरतेच.
ती हसली नाही.

यास्नाच्या स्वयंपाकघरात माझ्यापुढे बशी आली.
शेजारी दुसरी बशी, तिच्या नातीपुढे.
मायतेन. वय आठ. ओठ टाके घातल्यासारखे.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं
कोठडीतला जुना कैदी नव्याकडे पाहतो तसं.
जुनी ती होती.

करार तिनेच मांडला:
एक घास, एक शिवी.
शिवी भाजीला द्यायची, आजीला नाही,
आणि एकदा दिलेली परत चालणार नाही.
यास्नाने पळी आपटली. मंजूर.

पालकाला मी म्हणालो, मेंढी धुतल्यावरचा फडका.
ती म्हणाली, पुस्तकातल्या बेडकाचा सदरा.
बीट: जमिनीचा किडका दात.
फ्लॉवर: पाद्रीबाबाचा मेंदू.
(यास्नाने छातीवर क्रूस काढला, पण हसत.)
ब्रोकोलीकडे मायतेन बराच वेळ बघत राहिली.
जंगल आहे, म्हणाली, पण बुटकं,
आणि त्यात कुणीच राहत नाही.
मी हसता हसता घास खाली ठेवला,
यास्नाने तो पुन्हा माझ्या काट्याला टोचला.

चव? चव तशीच होती, खोटं कशाला बोलू.
पहिला महिना मी नुसता गिळत होतो.
गाजर तेवढं लवकर फितूर झालं,
पण गाजराचं काय, भाजलं की कुणाचंही होतं.
मग पालकात लसूण पडला.
मग रश्श्यात सलगम लपून आला,
मी त्याला पकडला, ओळखला,
आणि का कोण जाणे, सोडून दिला पोटात.

जूनमध्ये दिवस आखडला.
दुपारची झोप काढून उठावं तर बाहेर अंधार.
शिव्याही आखडल्या.
धक्क्यावर जाऊन कोळ्यांकडून उसन्या मागितल्या,
त्यातल्या दोनच घरी नेण्याजोग्या निघाल्या.
एकदा मायतेन गाजराला "भागाकार" म्हणाली.
चालवून घेतलं.

सप्टेंबरात एका रात्री वाऱ्याने सात काचा फोडल्या.
पहाटे आम्ही तिघं कंदील घेऊन आत,
पानांवर काच, काचेवर बर्फ,
कुठलं काय ते बोटांना कळेना.
जगलं वाचलं ते एका टोपात गेलं,
बटाटा, मीठ, तेलाचा हात सढळ.
ओट्याशी उभ्यानेच खाल्लं,
हातमोजे न काढता.

"शिवी?" मायतेनने विचारलं.
मी तोंड उघडलं,
आणि त्यात दुसरा घासच गेला.
तिसराही.
"हरलात," ती म्हणाली. माझ्या टोपातलं एक पान
उचलून तिने तोंडात टाकलं,
तीही काही बोलली नाही,
पण ते मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही.

आता काचा बसवायचं काम माझ्याकडे आहे.
पुट्टी चोळतो, थंडीत बोटं वळत नाहीत,
मधूनच वाकून एखादं पान खुडून चावतो,
मेंढीसारखा, हो, म्हणा.

बिटाचं मात्र अजून जमलेलं नाही.
बिटासाठी अकरा शिव्या
खिशात घडी करून ठेवल्यात,
कोऱ्या.